मोरीचे पाणी आणि भीमा-मांजरा

आमच्या व्यापारात माल येतो कोठून व जातो कोठे याची नोंद रोजच्या रोज ठेवावी लागते. गाडी किती क्विंटलची उतरली, गोणी किती भरल्या, हमाली, तोलाई व आडत किती झाली, हे सारे दुकान वाढविण्यापूर्वी वहीत यावयास हवे. परंतु एक जिन्नस असा आहे की जो प्रत्येक सभासदाच्या घरी व दुकानी रोज शेकडो लिटर येतो, जवळजवळ तितकाच बाहेर जातो, आणि त्याची जावक बाजू आम्ही कोणीच लिहीत नाही. तो जिन्नस म्हणजे पाणी. नळ कोरडा पडला की आम्ही नगरसेवकाच्या दारी जाऊन उभे राहतो. मोरीतून गेलेले पाणी पुढे कोठे गेले हे विचारण्यास कोणी गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. यंदाच्या स्मरणिकेत तुरीचे भाव, बाजार समितीचे कायदे व कर यांवर अधिकारी मंडळी लिहितीलच. आम्ही या जावक बाजूविषयी चार शब्द लिहावे असे योजिले आहे. आम्ही मॅट्रिकपलीकडे शिकलेलो नाही. तेव्हा शास्त्र जेवढे समजले तेवढेच सांगू, आणि तेही आडतीच्या भाषेत.

प्रथम वजनमापे. शहराच्या पाणीपुरवठ्याचे आराखडे करताना सरकारी नियमावलीत माणशी रोजी १३५ लिटर असे प्रमाण धरतात, व त्यातील सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते असे मानतात. २०११ च्या जनगणनेत कलबुर्गी शहराची वस्ती ५ लाख ३३ हजारांच्या घरात होती. गुणाकार करून पाहा: रोजचे सुमारे ५ कोटी ७५ लाख लिटर मैलापाणी होते. दहा हजार लिटरांचा एक टँकर धरला तर ५,७५० टँकर झाले. बीदरची वस्ती त्याच जनगणनेत दोन लाखांच्या वर होती; तेथील हिशेब दोन कोटी लिटरांच्या पुढे जातो. ज्या मोहल्ल्यांत चार दिवसांआड नळ येतो तेथे हा आकडा कमी भरेल हे खरे. परंतु २०११ नंतर वस्तीही वाढली आहे, आणि नळ रोज यावा अशी मागणी तर आम्हीच करीत असतो. गुलबर्ग्यात (शहराचे नाव २०१४ साली बदलले त्यापूर्वीची ही गोष्ट) २००८ च्या सुमारास काही भागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग जागतिक बँकेच्या कर्जातून झाला. प्रयोग चांगला होता. मात्र नळ मोठा झाला की मोरीही तितकीच मोठी व्हावी लागते, हे त्या वेळी बोलून दाखविणारे थोडेच होते.

आता हे पाणी जाते कोठे? पाणी उताराकडे जाते, आणि उताराच्या शेवटी नदी असते. कलबुर्गीचे नाले अखेर भीमेच्या खोऱ्यात उतरतात. बीदरचे नाले पठार उतरून मांजरेच्या खोऱ्यात जातात. कलबुर्गी शहर पिण्याचे पाणी भीमेतून व बेण्णेतोरा तलावातून घेते, बीदर मांजरा व कारंजा यांतून घेते. म्हणजे ज्या पेढीतून उचल करावयाची त्याच पेढीत खोटा माल भरावयाचा, असा हा व्यवहार आहे.

भीमा आपल्याकडे येते तीच मुळी दमून. भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी पुण्याच्या मुळा-मुठेचे पाणी पोटात घेते, उजनीच्या धरणात विसावा घेते, पंढरपुरास चंद्रभागा म्हणून वारकऱ्यांस स्नान घालते, आणि मग आपल्या प्रांतात येऊन गाणगापुरास अमरजेस भेटते. पुण्याच्या मैलापाण्यासाठी जपानच्या मदतीने ९९० कोटी २६ लाख रुपयांची योजना जानेवारी २०१६ मध्ये ठरली. अकरा शुद्धीकरण केंद्रे व रोजी ३९ कोटी ६० लाख लिटरांची शक्ती असा तिचा आकार. निविदांच्या घोळात ती वर्षानुवर्षे रखडली. त्याच २०१६ साली महाराष्ट्र सरकारने ‘नमामि चंद्रभागा’ ही योजना जाहीर केली. वरच्या लोकांस नावे ठेवणे सोपे आहे, आणि गाणगापुरास पौर्णिमेला गर्दी झाली की आमच्याकडील मंडळी पुण्याचे नाव घेऊन नाक मुरडतातही. पण कलबुर्गीच्या खाली यादगीर आहे, आणि यादगीरकरांच्या दृष्टीने वरचे लोक आम्हीच आहोत.

मांजरेचेही तेच आहे. बीड जिल्ह्यातील पाटोदे तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात ती उगम पावते. लातूरकडून आपल्या भालकी, औराद, बीदर या मुलखात येते. पुढे तेलंगणात सिंगूर तलावात शिरते, आणि तेथून हैदराबाद शहरास पाणी जाते. बीदरचा मनुष्य कामानिमित्त हैदराबादेस गेला आणि पाहुण्याने पेला पुढे केला, तर त्यात बीदरचाच काही भाग असू शकतो. ही थट्टा नव्हे, नकाशा आहे. याच मांजरेवर धनेगावचे धरण आहे. २०१६ च्या एप्रिलात ते कोरडे पडले आणि लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. लातूरच्या गंजाशी आम्हां सर्वांचे डाळीचे व्यवहार; त्या महिन्यात तेथील आडत्यांशी फोनवर बोलताना भावाआधी पाण्याची चौकशी होत असे. अशा वर्षी नदीत पावसाचे पाणी नसते. जे काही ओले दिसते ते बहुधा गावांच्या नाल्यांचेच.

बीदरची गोष्ट आणखी निराळी, कारण ते शहर जांभ्या दगडावर बसले आहे. जांभा सच्छिद्र. पावसाचे पाणी तो वरून पितो व कडेला झऱ्यांनी सोडतो. गुरू नानक झिऱ्याचे निर्मळ पाणी आणि नरसिंह झरण्याच्या गुहेतील छातीभर पाणी ही याच दगडाची देणगी होय. बहामनी काळात येथे इराणी पद्धतीच्या ‘कारेझ’ म्हणजे सुरंग-बावड्या खोदण्यात आल्या: जमिनीखालून बोगदा, त्यावर ठिकठिकाणी उजेडवाऱ्यासाठी विहिरी, आणि आतून आपल्या उतारावर चालणारे पाणी. नौबाद, शुक्लतीर्थ आणि जमना मोरी ही त्यांची नावे बीदरच्या जुन्या लोकांस ठाऊक आहेत. पाचशे वर्षांपूर्वी वीज नव्हती, पंप नव्हता, तरी पाणी आले. आज त्या दगडात आम्ही घरोघरी शोषखड्डे सोडले आहेत. जो दगड झऱ्याचे पाणी वाहून नेतो तो शोषखड्ड्याचेही नेतो; त्यास जात-पात ठाऊक नाही. कलबुर्गीकडे काळी माती, तिची तऱ्हा उलटी. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शोषखड्डा तेथे पाणी शोषीत नाही, आणि जमिनीतील नळ मातीच्या ओढीने सांध्यांत निखळतात. म्हणून भुयारी गटार आमच्याकडे चैन नसून गरज आहे, आणि ते घालणारा कंत्राटदार चांगला असणे ही त्याहून मोठी गरज आहे.

कायदा नाही असे नाही. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९७४ साली झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यांतील ५३ महाराष्ट्रातील व १७ कर्नाटकातील, आणि त्या सतरांत आपली भीमा व कागिणा या दोन्ही आहेत. पुढे २०२२ च्या यादीत देशभरचा आकडा ३११ वर आला. आमच्या मते याहून बोलका हिशेब त्याच मंडळाचा २०२०-२१ चा आहे. देशातील शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघते. ते शुद्ध करण्याची यंत्रे बसविलेली आहेत ३१,८४१ ची. त्यांतील चालू स्थितीतील २६,८६९ ची. आणि प्रत्यक्षात शुद्ध होते २०,२३६. व्यापाऱ्याने हे आकडे एकदा नीट वाचावे. मिल निम्म्याहून कमी मालापुरती उभारली, हा पहिला तोटा. उभारलेल्यापैकी काही बंद पडली, हा दुसरा. आणि चालू असलेल्या मिललाही पुरेसा माल येत नाही, हा तिसरा. आणि तो सर्वांत चमत्कारिक, कारण माल तर रस्त्याने वाहतो आहे.

हा तिसरा तोटा कसा होतो ते समजावे म्हणून आम्ही एका शहरातील शुद्धीकरण केंद्र मुद्दाम पाहून आलो. नाक दाबून जावे लागेल अशी समजूत होती. पहिल्या हौदापाशी ती खरी ठरली, पुढे नाही. ज्याने डाळमिल पाहिली आहे त्यास हे केंद्र समजण्यास अडचण पडू नये. आमच्याकडे तूर आधी चाळणीवर पडते, काडीकचरा निघतो. येथे पाणी लोखंडी गजांच्या जाळीतून जाते आणि चिंध्या, पिशव्या, केस, हारतुरे अडतात. आमच्याकडे खडे काढण्याचे यंत्र. येथे वाळू खाली बसावी म्हणून वेग कमी केलेला हौद. त्यानंतर खरे काम. मोठ्या हौदात खालून हवा सोडतात, पाणी उकळीसारखे खदखदते, आणि डोळ्यांस न दिसणारे जंतू त्यातील घाण खाऊन वाढतात. ही युक्ती १९१४ साली इंग्लंडात मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट या दोघांनी प्रसिद्ध केली. शंभर वर्षे उलटून गेली तरी जगभर तीच मुख्य आहे. पुढच्या हौदात जंतूंचा गाळ खाली बसतो, काही गाळ परत मागे नेऊन विरजणासारखा वापरतात, आणि वरचे निवळ पाणी क्लोरीन देऊन सोडतात.

तेथील तरुण कर्मचाऱ्याने एका लिटरच्या काचेच्या नळीत तो तपकिरी काला भरून ठेवला आणि घड्याळ लावले. अर्ध्या तासात गाळ खाली बसून वर स्वच्छ पाणी दिसू लागले. “शेठजी, ही नळी म्हणजे आमची नाडी,” तो म्हणाला, “गाळ नीट बसला नाही की समजावे, जंतू आजारी आहेत.” वीज गेली तर काय होते, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, हवा बंद झाली की काही तासांतच ते गुदमरू लागतात. मग पुन्हा जम बसण्यास कित्येक दिवस जातात. जनित्र होते; पण डिझेलचा प्रश्न काढताच तो हसला व दुसरा विषय बोलू लागला. केंद्र निम्म्याच शक्तीने चालले होते, कारण शहरातील कित्येक घरांनी भुयारी गटाराशी जोड घेतलेलीच नव्हती. मुख्य नळ रस्त्यातून गेला आहे, घराची मोरी मात्र उघड्या गटारात सुटते, गटार नाल्यात आणि नाला नदीत.

पाणी किती घाण झाले हे मोजण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. पाण्यातील घाण कुजताना प्राणवायू खाते. किती खाते ते मोजतात. आपल्या देशात नमुना २७ अंश उष्णतेत तीन दिवस ठेवून हा हिशेब काढतात. कच्च्या मैलापाण्याची ही भूक लिटरमागे दोनशे-तीनशे मिलिग्रॅमपर्यंत असते. स्नानायोग्य नदीत ती तीनच्या आत असावी. उलट नदीजवळ शिल्लक किती? वीस अंशांच्या थंड पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. पाणी पस्तीस अंशांवर गेले की सातच. वैशाखात भीमेचे डबके तापते तेव्हा घेणेकरी वाढतो आणि गल्ल्यातील शिल्लक घटते. मासे वर येऊन तोंड उघडू लागले की समजावे, दिवाळे निघाले.

येथे एक जुनी गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडच्या राजकीय आयोगाने १९१२ साली शुद्ध केलेल्या मैलापाण्यासाठी मर्यादा सुचविली, भूक वीस व तरंगता गाळ तीस. आणि पुढे बराच काळ अनेक देशांचे नियम तिच्यावरून बेतले गेले. परंतु त्या आयोगाने एक अट घातली होती: नदीत त्या पाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी वाहते असावे. थेम्सला ती अट जमेल. एप्रिल-मे महिन्यांत बंधाऱ्यांमागे अडलेल्या आमच्या भीमेस आठपट कोठून आणावे? वरून उजनीने सोडले तर पाणी, नाही तर वाळू. म्हणून विलायतेच्या मापाने आमचे पाणी ‘पास’ झाले तरी आमच्या नदीस ते पुरेसे होईलच असे नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली ही मर्यादा दहापर्यंत खाली आणण्याचा आदेश दिला, तो या दृष्टीने आम्हांस योग्य वाटतो, जरी त्यासाठी खर्च अधिक लागतो.

आपल्या घरांत पाणी गाळून पिण्याचा नियम आहे. दुहेरी फडक्याने गाळावे, आणि गाळण्यावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत हलक्या हाताने परत सोडावी, असे आमच्या आजीने आम्हांस शिकविले. पाण्यातील जीव आपल्या घरी मरू नयेत, आपल्या ठिकाणी परत जावेत, हा त्यातील भाव. बीदर-कलबुर्गीच्या जुन्या वाड्यांतून हे काम बायका पहाटे आडावर करीत. आज आड बुजले, जिवाणी नळाच्या मोरीत जाते, आणि त्याच मोरीतून साबण, फिनेल व संडास धुण्याचे तेजाब ही सारी नदीस पोचतात. फडक्याने रोगजंतू गाळले जात नाहीत. उकळल्याने मरतात, पण पाण्यात उतरलेले रासायनिक विष उकळूनही जात नाही. जंतू पोसणारे केंद्र चालविणे हे हिंसेत मोडते की अहिंसेत, असा प्रश्न एका सभासदमित्राने आम्हांस केला होता. तो आम्ही पंडितांवर सोडतो. नाल्याच्या तोंडाशी पांढरी पोटे वर करून पडलेले मासे पाहिल्यावर त्या प्रश्नाची आम्हांस फारशी घाई वाटली नाही.

कारखान्यांचे पाणी हा निराळा विषय. बीदरजवळ कोळार औद्योगिक वसाहत आहे, औषधी रसायने करणारे कारखाने तेथे आहेत; कागिणेच्या काठी सिमेंटचा पट्टा आहे. त्यांना स्वतंत्र नियम आहेत व त्यांचे पाणी त्यांनी आपल्या आवारात शुद्ध करावयाचे असते. ते मैलापाण्यात मिसळले तर खत म्हणून उपयोगी पडणारा गाळही निकामी होतो. एवढे सांगून आम्ही आमच्याच गंजाकडे वळतो.

कलबुर्गीचे नेहरू गंज असो की बीदरचे गांधी गंज, आमच्या धंद्यास पाणी फार लागत नाही अशी सर्वांची समजूत आहे. ती बरीचशी खरी आहे. डाळ करण्याच्या सुक्या पद्धतीत तुरीस तेलाचा हात व थोडे पाणी एवढेच लागते. परंतु ओल्या पद्धतीत तूर भिजवून, लाल माती चोळून वाळविली जाते. त्या भिजवणीचे पाणी दाण्याच्या अंशाने दाट झालेले असते व नाल्यात गेले की चटकन आंबते. त्याची भूक मैलापाण्याहून कमी समजू नये. बारदान धुण्याचे पाणीही तसेच. सर्वांत जपावयाचे ते गोदामातील औषध. धान्यास कीड लागू नये म्हणून आम्ही अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतो. ताडपत्री काढल्यावर त्यांची राखाडी भुकटी उरते. ती हमालाने झाडून मोरीत लोटावी, हे कित्येक ठिकाणी आम्ही पाहिले आहे. त्या भुकटीत गोळीचा न विरलेला अंश राहिला असेल तर पाणी लागताच विषारी वायू सुटतो. बंद गटारात तो साठला तर गटारात उतरणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतते. डब्यावरील सूचनेप्रमाणे उघड्या जागी, विहीर-नाल्यापासून दूर खड्ड्यात ती पुरावी. फवारणीच्या पंपाचे धुणेही मोरीत नको. ज्या जंतूंच्या जिवावर केंद्र चालते ते कीटकनाशकाने मरतात, आणि मग त्या कर्मचाऱ्याची काचेची नळी दिवसभर ठेवली तरी निवळत नाही.

आता खर्च. भुयारी गटाराच्या योजना आल्या नाहीत असे म्हणता येणार नाही. आशियाई विकास बँकेच्या कर्जाची उत्तर कर्नाटकातील शहरांसाठीची योजना २००६ च्या अखेरीस मंजूर झाली. २०१५ च्या ‘अमृत’ योजनेत कलबुर्गी व बीदर ही दोन्ही शहरे आली. बांधण्यास पैसा मिळतो. उद्घाटनास मंत्री येतात. चालविण्यास पैसा कोण देणार, यावर सर्व मंडळी गप्प. पंप व हवेची यंत्रे विजेवर चालतात, आणि विजेचे बिल दरमहा येते. हे बिल कर म्हणून आमच्यावर येते तेव्हा आमच्या सभांत जो विरोध होतो तो आम्ही अनेक वर्षे ऐकत आलो आहोत. करास हिशेब मागावा, हे आम्हांस मान्य आहे. केंद्र महिन्यातून किती दिवस चालले, किती पाणी आले, बाहेर पडताना त्याची भूक किती होती, हे तीन आकडे नगरसंस्थेने दरमहा फळ्यावर लावावे, अशी मागणी संघाने लेखी करावी. तोलकाट्याची तपासणी होते, मग याची का नको? पण हिशेब मागणाऱ्याने आपली जोड आधी घेतलेली असावी.

या पाण्यास गिऱ्हाईकही आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. नागपुरात भांडेवाडीच्या केंद्राचे रोजी १३ कोटी लिटर शुद्ध पाणी कोराडीच्या वीज केंद्रास देण्याची व्यवस्था झाली. तितके धरणाचे पाणी वाचले आणि महापालिकेस उत्पन्न मिळाले. आपल्याच राज्यात २०१८ पासून बंगळुराचे शुद्ध केलेले सांडपाणी नळाने कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाऊ लागले, जमिनीत पाणी मुरून विहिरी भराव्यात या हेतूने. शुद्धीकरण अपुरे आहे म्हणून काहींनी न्यायालयात दाद मागितली, आणि ती शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तरी कोलारच्या कोरड्या तलावांत पाणी आले ही गोष्ट खरी. आमच्याकडे नाल्याच्या काठी मेथी, पालक, कोथिंबीर कच्च्या मैलापाण्यावरच होते व पहाटे बाजारात येते. तेच पाणी शुद्ध करून तूर-ज्वारीच्या शेतास दिले तर मांजरेवरचा तेवढा भार उतरेल.

सभासदांपैकी ज्यांची घरे किंवा गाळे मुख्य नळाच्या रस्त्यावर असून जोड अद्याप घेतलेली नाही, त्यांनी कामास हात घालताना दोन गोष्टी पाहाव्या. गच्चीच्या पावसाचे पाणी मैलाच्या नळात सोडू नये. ते निराळ्या नळाने बागेत किंवा पावसाळी गटारात न्यावे. नाही तर मृगाच्या पहिल्या सरीस नळ भरून झाकणे उसळतात आणि मैला गंजाच्या रस्त्यावर येतो. गेल्या काही वर्षांत हे दृश्य गोण्यांच्या थप्प्या हलवीत आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. दुसरे, न्हाणीच्या व दुकानाच्या मोरीपुढे गाळ बसण्याची लहान कुंडी जाळीसह करून घ्यावी व ती महिन्याने साफ करावी. सुतळी, धान्याची माती व चुनी ही नळात गेली की तो चोंदतो, आणि तो उपसण्यास माणूस उतरतो. माणूस असा उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. यंत्र मागवावे, त्यास दोन दिवस लागले तरी चालेल.